खालच्या रेषेवरची माणसं

सई आणि निषाद,

हे मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत लिहिता आलं असतं. माझं सगळं शिक्षण त्याच भाषेत झालं आणि नोकरीतले अहवालही मी त्याच भाषेत पाठवले. पण ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे ती माणसं माझ्याशी इंग्रजीत बोलली नाहीत. तुम्हाला वाचायला जो वेळ लागेल तो लागू दे. एका दिवाळी अंकाने नोकरीतल्या आठवणी मागितल्या आहेत, त्यामुळे हे छापूनही येईल. इतरांनी वाचलं तरी माझी हरकत नाही, पण सांगते आहे ते तुम्हाला.

आत्ताच का, तर सई, तुझ्यामुळे. गेल्या महिन्यात तू मला फोनवर तुझ्या अभ्यासातला एक आलेख पाठवलास आणि खाली लिहिलंस, ‘आजी, यात तुझी माणसं आहेत!’ मी चष्मा पुसून पाहिलं. दोन रेषा होत्या, डावीकडून उजवीकडे जिन्यासारख्या उतरत जाणाऱ्या. वरची रेषा, ज्यांच्या कॅन्सरच्या गाठीत एक विशिष्ट आरएनए कमी सापडला त्यांची. खालची, ज्यांच्यात तो जास्त सापडला त्यांची. प्रत्येक पायरी म्हणजे एकाचा आजार परत आला, किंवा ते माणूस गेलं. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू! मग तू फोन केलास आणि विचारलंस, “आजी, खालच्या रेषेतल्या लोकांना हे आधीच सांगून टाकलं असतं तर त्यांचे ऑपरेशनचे हाल तरी वाचले असते ना?”

तू प्रेमानेच विचारलंस. पण मला राग आला, आणि रागात मी इंग्रजी बोलते, म्हणून मी फोन ठेवला. उत्तर ‘नाही’ असं आहे. ते का, हे एका शब्दात मावत नाही.

आधी माझं काम. ते सांगायला सोपं होतं. मी माणसं शोधायची. मुंबईच्या एका हॉस्पिटलचा प्रकल्प होता, गुदाशयाच्या कॅन्सरचा. गुदाशय म्हणजे आतड्याचा अगदी शेवटचा भाग. आमच्याकडचे लोक त्याला ‘खालचा कॅन्सर’ म्हणतात, आणि त्याआधी वर्षभर त्यालाच मूळव्याध म्हणत असतात. महाड-पोलादपूरचे रुग्ण मुंबईला जायचे. त्यांच्या गाठीचा लहानसा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून जपून ठेवला जायचा. उपचार घेऊन माणूस गावी यायचा. आता एखादी खूण आजाराचं भविष्य सांगते की नाही, हे ठरवायला दोन गोष्टी लागतात. एक तो तुकडा, आणि दुसरी म्हणजे त्या माणसाचं पुढे काय झालं याची खात्रीची माहिती. पहिली गोष्ट मुंबईत कपाटात होती. दुसरी पोलादपूरच्या वरच्या वाड्यांमध्ये, जिथे कितीतरी ठिकाणी फोनला रेंज फक्त देवळामागच्या कातळावर उभं राहिलं की येते. या दुसऱ्या गोष्टीसाठी त्यांनी मला नेमलं. महाडच्या एसटी स्टँडजवळ एक खोली दिली, एक टेबल, एक पंखा, एक लोखंडी कपाट. कपाट मी लावून घेतलं, पंखा दुरुस्त करून घेतला आणि कामाला लागले.

इथल्या माणसाला दोन पत्ते असतात, एक मुंबईचा, एक गावचा, आणि तुम्ही एकावर गेलात की तो दुसऱ्यावर असतो. मुंबईच्या कार्यालयाने मला दर तीन महिन्यांच्या भेटींचं सुरेख वेळापत्रक पाठवलं होतं. ते मी बाजूला ठेवलं आणि सणांवर चालायला लागले. हिंदू वाड्यांवर गणपतीत आणि शिमग्यात जायचं, तेव्हा घरटी सगळी माणसं हजर असतात. मुसलमान मोहल्ल्यात ईदेला आणि आखातातली मुलं सुट्टीवर येतात त्या लग्नसराईत. कार्यालयाने कुरकूर केली. ज्यांचा पत्ता लागत नाही अशा रुग्णांना त्यांच्या भाषेत ‘हरवलेले’ म्हणतात. माझ्या दोन तालुक्यांत कुणी हरवत नाही असं दिसल्यावर कुरकूर थांबली. हरवायला काय झालंय? शोधणारेच चुकीच्या महिन्यात येतात.

एकदा मात्र मी फसले. वरच्या एका वाडीतल्या सुभद्राबाईंचे यजमान आमचे रुग्ण होते. फोन केला की त्या सांगायच्या, “हायत ना, बरे हायत. आताच जेवून निजलेत.” दर वेळी ते जेवून निजलेलेच. गणपतीत चढून वर गेले, तर भिंतीवर फोटो आणि फोटोवरचा हार सुकून काळा पडलेला. सुभद्राबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला.

“सुभद्राबाई, असं का सांगत होतात?”

“तुमी त्यांची चवकशी करायचात. ते गेले बोलले असते तर तुमचा फोन बी गेला असता. मुंबयसून पोरगा नाय करीत एवढा फोन.”

मी खरी तारीख मुंबईला कळवली. फोन चालू ठेवला. आता त्यांचीच चौकशी करते, आणि त्या मला भाजी कसली केली ते सांगतात.

आता तो आरएनए. सई, तू हे माझ्यापेक्षा चांगलं जाणतेस, पण निषादसाठी आणि अंक वाचणाऱ्यांसाठी सांगते. आपल्या पेशीत डीएनए असतो, तो सगळ्या पाककृतींचा साठा. त्यातली हवी ती कृती उतरवून घेऊन आरएनए स्वयंपाकघरात जातो आणि तिथे प्रथिनं तयार होतात. बऱ्याच काळाने लक्षात आलं की कितीतरी आरएनए काहीच शिजवत नाहीत. ते नॉन-कोडिंग. आधी लोकांनी त्यांना केराच्या टोपलीत टाकलं. मग कळलं की हे म्हणजे लग्नघरातल्या आत्याबाई. त्या भांड्याला हात लावत नाहीत, मांडवात खुर्ची टाकून बसतात, पण कुठली चूल पेटवायची आणि कुठली विझवायची ते त्या ठरवतात. कॅन्सरच्या गाठीत अशा काही आत्याबाईंचा आवाज फार वाढलेला असतो. ज्या गाठीत तो वाढलेला, ती गाठ परत येण्याचा धोका सरासरीने जास्त. एवढंच आहे ते. सरासरीने.

आंबेनळी घाटात पावसाळ्यात दरडी येतात, हे कुणी नाकारत नाही. त्या दिवसांत घाटात गेलेल्या गाड्या मोजल्या तर अडकलेल्या जास्त सापडतील. म्हणून महाबळेश्वरची एसटी पोलादपूर स्टँडवरच कुणी मोडीत काढत नाही.

आमच्या प्रकल्पातला हा निकाल आम्ही रुग्णाला देत नसू. अजून ती खूण पारखली जात होती, उपचार तिच्यावरून ठरत नव्हते. पण प्रेमाला दम नसतो. इथे युसुफभाई येतात.

युसुफभाई महाडचे, दोन टेम्पोंचे मालक. एमआयडीसीतला माल वाहायचे. आवाज असा की सावित्री नदीच्या या काठावरून त्या काठावरच्या ड्रायव्हरला शिवी पोचावी. वय पन्नाशीच्या पुढे. मोहल्ल्यातल्या मशिदीत पहिल्या रांगेत खांबाजवळची जागा वर्षानुवर्षं त्यांची. तिथे जागा कुणाच्या नावाची नसते, पण कुणी तिथे उभं राहत नसे. रक्त जायला लागलं तेव्हा त्यांनी बरेच महिने मूळव्याधीची पुडी खाल्ली. मग मुंबई. किरणोपचार झाले, गोळ्या झाल्या आणि गाठ छान आकसली. डॉक्टर म्हणाले, काही आठवडे घरी आराम करा, मग ऑपरेशन करून उरलेली गाठ काढू. गाठ इतकी खाली होती की शौचाची वाट कायमची बंद करावी लागणार होती. पोटावर नवी वाट काढून तिथे पिशवी लावायची. आयुष्यभर.

त्या आरामाच्या आठवड्यांत त्यांचा मुलगा अश्फाक कुवेतहून सुट्टीवर आला. गुणी मुलगा. त्याने हॉस्पिटलातून तो मेणाचा ठोकळा मागून घेतला आणि त्या आरएनएच्या तपासणीसाठी कुठल्याशा खासगी प्रयोगशाळेला दिला. अहवाल आला तोवर तो परत गेला होता. मग त्याने घरच्या ग्रुपवर आवाजी निरोप टाकला. जुबेदाभाभींनी, म्हणजे युसुफभाईंच्या बायकोने, तो मला ऐकवला.

“अम्मी, रिपोर्टवर वर जानारा लाल बाण हाय, म्हंजे ते वाढलेलं हाय. मी सगळं वाचलं. आजार परत येनारच. मंग कशाला कापायचं अब्बांना? घरात राहू दे, खायला मागतील ते दे.” पुढे नुसतं रडणं.

आखातातून आलेल्या गोष्टीला आमच्याकडे वजन असतं, मग तो टीव्ही असो की अहवाल. दोन दिवसांत सगळा मोहल्ला युसुफभाईंना भेटून गेला. त्यांनी ऑपरेशनला नकार दिला आणि मी त्यांच्या दारात जाऊन बसले.

“बाई, लिवून टाका. युसुफ नाय बोलला.”

“लिहीन. आधी कारण सांगा.”

“कारन कागदावर हाय ना. दोन वर्सं म्हना, तीन वर्सं म्हना. तेवढी सरळ मानसासारखी काढतो.”

“सरळ म्हणजे?”

“सरळ म्हंजे सरळ!” आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

मी त्यांना सांगितलं की गाठ आत ठेवून ती वर्षं सरळ जात नाहीत. सई, तू ज्या हालांबद्दल बोललीस ना, ते वाचत नाहीत. वरंधच्या एका शिक्षिकेनं असंच कुणाच्या तरी ‘आता काय उपयोग’वर ऑपरेशन टाळलं होतं. गाठ वाढली, आतडं तुंबलं. शेवटच्या महिन्यांत तिला बसता येत नव्हतं आणि झोपताही येत नव्हतं. भिंतीला टेकून उभी राहायची आणि मला विचारायची, “बाई, अजून किती?” तिने हाल वाचवले असं ज्याला वाटतं त्याने ती खोली पाहायला हवी होती. ती बाई माझ्या मनातून जात नाही. आपणही तिची समजूत घालू शकलो असतो असं तेव्हा कुणालाच सुचलं नाही.

हे सगळं ऐकून युसुफभाई म्हणाले, “चाय पिऊन जा.”

फाटकापर्यंत जुबेदाभाभी सोडायला आल्या. ओढणी तोंडाशी धरून म्हणाल्या, “रिपोर्टचं नाय वो बाई. रिपोर्ट यायच्या आधीपासून यांची झोप उडलीय. मला बोलले, पोटाला हगायची पिशवी लावून अल्लापुढं कसा उभा ऱ्हाऊ? रिपोर्ट आला ना, तवा रडले नाय ते. हलके झाले.”

हलके झाले. नकाराला कारण हवं होतं, ते कुवेतहून छापील मिळालं.

मी खोलीवर जाऊन मुंबईला प्रकल्पाच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. हुशार मुलगी, तुझ्याहून थोडी मोठी.

“मॅडम, तुम्ही नोंद घ्या. मन वळवणं आपलं काम नाही. शहाणा माणूस आहे, नकार द्यायचा त्याला हक्क आहे.”

“आहेच. पण त्याने नकार पिशवीला दिलाय आणि नाव रिपोर्टचं सांगतोय. पिशवी त्याने अजून पाहिलेली नाही. पाहून नाही म्हणू दे, मी मुकाट्याने लिहीन.”

“आणि तुम्ही ऐकणार नाही.”

“नाही.”

“बरं,” ती म्हणाली, “तारीख धरून ठेवायला सांगते. फार दिवस नाही जमणार.” हुशार मुलगी होती, हे मी आधी लिहिलंच आहे.

दुसऱ्या दिवशी जुबेदाभाभींना घेऊन मी मौलानांकडे गेले. पर्समध्ये नवी कोरी पिशवी होती. ती मी त्यांच्या टेबलावर ठेवली. भाभींनी लाजून डोळे मिटले. मौलानांनी ती उचलली, उलटसुलट पाहिली, कशी चिकटते, किती वेळाने रिकामी करतात, पाणी लागलं तर सुटते का, सगळं विचारलं. मी सगळं सांगितलं.

“यात अडचण कुठे आहे?” ते म्हणाले. “जे ज्याच्या हातात नाही त्यात त्याला सवलत आहे. नमाजाची वेळ झाली की पिशवी रिकामी करायची, ताजं वुजू करायचं, म्हणजे हातपाय-तोंड धुऊन घ्यायचं, आणि उभं राहायचं. हे मी मदरशात पोरांना दर साल शिकवतो. विचारायला कुणी आलं नाही, म्हणून मला वाटायचं की या गावात कुणाला गरज पडली नसेल.”

“पडली असंल,” जुबेदाभाभी हळूच म्हणाल्या, “बोलले नसतील.”

मला वाटलं, झालं काम. आम्ही दोघी जवळजवळ धावतच घरी आलो. युसुफभाईंनी ऐकून घेतलं आणि हसले.

“मौलानांचं बरोबर हाय. मला बी अंदाज होता. अल्ला माफ करील वो बाई. पन नमाजात खांद्याला खांदा लावून उभं ऱ्हातात. माझ्या खांद्याला खांदा कोन लावील? तोंडावर कोन काय बोलनार नाय. नुसते एकेक जन दुसऱ्या रांगेत सरकतील.”

याला मौलाना काय करणार आणि मी तरी काय करणार! रात्रभर विचार करून सकाळी मी धोंडूबाबांना फोन लावला.

धोंडूबाबा पोलादपूरच्या वरच्या वाडीतले शेतकरी. आमचेच रुग्ण, काही वर्षांपासून पिशवीवर. मी पाहिलेल्या सगळ्या माणसांत तोंडाने सर्वांत फटकळ.

“गो बाय, म्हाडला? कापनी टाकून?”

“कापणी टाकून.”

“त्याच्याकडं जेवायला काय हाय?”

“सांदणं करायला सांगते.”

“मंग येतो.”

युसुफभाईंना मी एवढंच सांगितलं की हे माझ्या ओळखीचे आहेत आणि यांना पेंढा न्यायला टेम्पो हवा आहे. दोघं एकाच दिवाणावर बसले. टेम्पोचं बोलणं निघताच युसुफभाईंच्या अंगात जीव आला.

“तुमच्या वाडीची चढन मला ठावं हाय. टेम्पो मागं येतो.”

“मागं येतो तर डायवर बदल. आमची म्हस चढते, तुझा टेम्पो नाय चढत?”

“मंग म्हशीवरून न्या ना पेंढा!”

“म्हस खाईल त्यो वाटंत.”

असं तासभर चाललं. तांदळाची वाफवलेली सांदणं आली, नारळाचं दूध आलं. धोंडूबाबांनी अनमान केला नाही. जुबेदाभाभी दाराआड उभ्या. त्यांना सगळं माहीत होतं. ताटली खाली ठेवून धोंडूबाबांनी मिशी पुसली.

“युसुफशेट, येक विचारू? एवढा येळ मांडीला मांडी लावून बसलोय. कसला वास आला तुला?”

“वास? नारळाचा.”

धोंडूबाबांनी सदरा वर केला. “ही बघ. तुझ्या गादीवर बसून तुझी सांदनं खाल्ली, आता ती हिच्यात उतरनार हायत.”

युसुफभाई बघतच राहिले. आधी पिशवीकडे, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता मला घराबाहेर काढतात. पण ते वाकले आणि जवळून पाहायला लागले.

“आवाज करती?”

“करती कदीकदी. भजनात वाजली का मी टाळ जोरात हानतो. तुमच्यात काय वाजवतात?”

“काय नाय वाजवत. शांत असतं.”

“मंग खोक.”

युसुफभाई इतके हसले की त्यांना उशीला धरावं लागलं. दाराआडून भाभींचं हसू आलं आणि पाठोपाठ हुंदका. हसू ओसरल्यावर युसुफभाईंनी खालच्या आवाजात विचारलं, “आनि मानसं?”

“पयल्या दिवशी बघतात. दुसऱ्या दिवशी ज्याला त्याला त्याचं असतं. शिमग्याला पालखी खांद्यावर घेऊ देत नाय मला. डाक्टरीण वजन नको बोलली. त्याचं वाईट वाटतं, खोटं नाय बोलत. माझा बाप, आजा, समदे पालखीचे भोई. पन पालखीपुढं नाचतो ना. हिच्यासकट नाचतो.”

“तुमच्या कागदावर बी लाल बान होता काय?”

“माझा कागद काढलाय कुनी? माझा पोरगा नाय कुवेतला.”

युसुफभाई माझ्याकडे वळून म्हणाले, “बाई, ती तारीख अजून हाय काय?”

तारीख होती. त्या संध्याकाळी कुवेतहून अश्फाकचा फोन आला.

“मॅडम, अब्बांना काय झालं तर तुम्ही जबाबदारी घेणार?”

“जबाबदारी डॉक्टरांची आणि तुझ्या अब्बांची. तू ओरड, मी ऐकून घेते. तेवढं मला जमतं.”

ओरडला बिचारा. ऐकून घेतलं.

ऑपरेशन झालं. पिशवीची सवय व्हायला वेळ लागला. चिडचीड झाली, एकदा ती पाण्याच्या टाकीजवळ सुटली तेव्हा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मग एका शुक्रवारी मशिदीत गेले आणि शेवटच्या रांगेत दाराजवळ उभे राहिले. पुढचे काही शुक्रवार तसेच. हे मला जुबेदाभाभी सांगायच्या, त्यांना धाकट्या दिराकडून कळायचं. खांबाजवळची जागा त्या सगळ्या शुक्रवारी कुणी आपणहून घेत नसे. नमाज सुरू करण्याआधी रांगेत कुठे खंड असेल तर तो भरून घ्या, असं सांगायची मौलानांची रीतच आहे. तोवर ते शेजारच्याला सरकायला सांगून वेळ निभावत होते. पण एका शुक्रवारी त्यांनी मागे वळून पाहिलं, नाव घेतलं नाही, एवढंच म्हणाले, “पुढे जागा आहे. भरल्याशिवाय सुरू करत नाही.” सगळी मशीद थांबली. युसुफभाई शेवटच्या रांगेतून पुढे गेले. शेजारचा सरकला नाही. त्याने खांदा लावला.

आता सई, तुझा भाग. दोन वर्षांनी युसुफभाईंच्या फुप्फुसात डाग दिसला. आजार परत आला. अहवाल बरोबर होता. अश्फाकचा फोन आला, आणि मुलगा या वेळी ओरडला नाही.

“मॅडम, मी सांगितलं होतं.”

“हो. तू सांगितलं होतंस आणि ते खरं ठरलं.”

“मग?”

मग काय! मधल्या काळात त्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं आणि लग्नात त्याचे अब्बा स्वतः वाढायला उभे होते. जुना टेम्पो विकून नवा आला. बसता येत होतं, झोपता येत होतं, भाभींशी रोज भांडता येत होतं. डाग दिसल्यावर सलाईनमधून औषधं सुरू झाली, केस गेले, ते अर्धे परत आले. गाठ आत राहिली असती तर ती औषधं घ्यायला युसुफभाई उरले नसते.

मी त्या खुणेच्या विरुद्ध नाही. तिच्यासाठी मी डोंगर चढले आहे, आणि उद्या तिच्यावरून कुणाला जास्त औषध द्यायचं, कुणावर बारीक लक्ष ठेवायचं हे ठरलं तर मला आनंदच आहे. माझी माणसं त्यात आहेत. पण माणसाच्या हातात नुसता बाण देऊन निघून जायचं, याला मी सांगणं म्हणत नाही. ज्याला ज्याची भीती असते तो त्या बाणाला तिकडे वळवतो. तुझ्या आलेखात युसुफभाई म्हणजे खालच्या रेषेची एक पायरी. त्यापुढे आलेखाला त्यांच्याशी काही देणंघेणं नाही. मला आहे. म्हणून पुन्हा लिहिते. सांगून टाकलं असतं तर हाल वाचले नसते. दोन वर्षं गेली असती, आणि त्या शिक्षिकेसारखी गेली असती. हे मी तुझ्या प्राध्यापकांसमोरही म्हणेन, तुला लाज वाटली तरी.

प्रकल्प संपला. खोलीत आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. कपाट मी घरी आणलं. सुभद्राबाई ठीक आहेत. धोंडूबाबा थकले आहेत, पण फोनवर शिव्या देण्याइतका दम आहे. कुणाला नवी पिशवी लागणार असेल तर त्याच्याकडे जुन्या माणसाने जाऊन यायचं, अशी आता दोन्ही तालुक्यांत पद्धत पडली आहे. हिंदूंकडे मुसलमान जातात, मुसलमानांकडे हिंदू, बाईकडे बाई. गेल्या आठवड्यात युसुफभाई वरंधला गेले होते. रुग्ण बाई होती म्हणून एका पिशवीवाल्या बाईंना टेम्पोतून घेऊन गेले आणि स्वतः ओसरीवर तिच्या नवऱ्याशी बोलत बसले. त्यांना धाप लागते. तरी टेम्पो तेच चालवतात.